एक तारखेचा पगार

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपण सर्वांनी कधी ना कधी निबंधात लिहिली आहे. निबंधाला गुण मिळाले. म्हणीवर विश्वास मात्र कुणाचाच बसला नाही. आपल्या वाशीम जिल्ह्यात तर ती आता उलटीच वाचली जाते. पावसाची लहर आणि सोयाबीनचा भाव ज्यांनी जन्मभर सोसला, त्या आईबापांना आपल्या मुलाने एक तारखेला पगार मिळेल अशा ठिकाणी चिकटावे असे वाटते, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. लग्नाच्या बैठकीतही मुलाच्या स्वभावाआधी त्याच्या नोकरीची चौकशी होते.

हा विषय मला सुचला तो आमच्याच घरातून. माझा मोठा भाऊ आय.टी.आय. करून छत्रपती संभाजीनगरच्या एका कारखान्यात आठ वर्षांपासून फिटर आहे. नोकरी कायम आहे. गेल्या दिवाळीत फराळाला बसलो असताना तो म्हणाला, ‘‘मी राजीनामा देतो. आपल्या फाट्यावर रोटाव्हेटर, पेरणी यंत्र, मळणी यंत्र दुरुस्तीचं दुकान टाकतो.’’

बाबांच्या हातातला चहा तसाच राहिला. ‘‘काहून रे, चांगली लागलेली नोकरी टोचते काय तुले?’’ एवढेच ते बोलले. आई म्हणाली, ‘‘लोकाईच्या पोराईले नोकऱ्या भेटत नाईत, अन् तू लागलेली सोडून रायला!’’ मीही त्यांचीच बाजू घेतली. पुढच्या वर्षी मला स्पर्धा परीक्षेच्या वर्गासाठी अमरावतीला जायचे आहे आणि त्याचे पैसे दादाच्या पगारातून यायचे आहेत, हे मी त्या दिवशी बोलून दाखवले नाही. पण माझ्या विरोधाचे मूळ तेथेच होते, हे आज कबूल करते.

त्यानंतर मी वाचू लागले. नोकरी सोडण्याचा विषय निघाला की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण हटकून दिले जाते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. बढतीच्या वेळी त्यांना डावलण्यात आले, त्यांनी राजीनामा दिला, ते बेळगावला गेले आणि उद्योगपती झाले, अशी ही गोष्ट व्याख्यानांतून सांगितली जाते. टाळ्याही पडतात. परंतु या गोष्टीचा अर्धा भाग बहुधा सांगायचा राहून जातो.

किर्लोस्कर उद्योगाचा आरंभ 1888 सालच्या बेळगावातील सायकलींच्या छोट्या दुकानापासून मानला जातो. त्या काळात लक्ष्मणराव मुंबईहून सायकली विकत घेऊन पाठवीत, आणि बेळगावात त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकीत, गिऱ्हाइकाला चालवायलाही शिकवीत. म्हणजे नोकरी सुटली तेव्हा दुकान उभे होते आणि ते सांभाळणारा माणूसही उभा होता. यंत्रांची जाण त्यांना त्या नोकरीनेच दिली होती. अपमानाने त्यांना बाहेर काढले हे खरे. पण बाहेर पडल्यावर पाय ठेवायला जागा होती ती आधीच्या कष्टांमुळे.

पुढचा रस्ताही सरळ नव्हता. त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र केले, मग लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमिनीत विष भिनते, या समजुतीने शेतकरी त्या नांगराला हात लावीनात. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली असे सांगतात. नंतर बेळगावातील जागाही सोडावी लागली. औंधच्या राजेसाहेबांनी जागा आणि कर्जाऊ रक्कम दिली, तेव्हा 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. त्याच कारखान्यातून 1920 मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले आणि पुढे मराठी वाचकांचे आवडते मासिक झाले. नांगराच्या कारखान्यात साहित्यालाही जागा मिळाली, हे आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

कुणी म्हणेल, ‘ते बेळगाव, ते औंध, आपल्या मागास भागात असे कोठून?’ आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्यात 1886 साली कापसाचा नियंत्रित बाजार सुरू झाला, आणि देशातला पहिला म्हणून त्याचे नाव घेतले जाते. व्यापार या मातीला परका नाही. आज अडचण आहे ती हिशेबाची.

हा हिशेब मी दादाला मांडायला लावला. आपल्याकडे अवजारांच्या दुरुस्तीचे काम वर्षभर सारखे नसते. पेरणीपूर्वी झुंबड, मळणीच्या वेळी पुन्हा झुंबड, मधले महिने रिकामे. शिवाय गिऱ्हाईक जूनमध्ये पेरणी यंत्र दुरुस्त करून नेतो आणि म्हणतो, ‘सोयाबीन निघाल्यावर देतो.’ त्याचेही खोटे नाही. त्याच्या हातात तेव्हाच पैसा येतो. पण अकोल्याहून आणलेल्या बेअरिंगचे आणि पात्यांचे पैसे दुकानदाराला रोख द्यावे लागतात. म्हणजे जून ते दिवाळी हे पाच महिने दुकान, घर आणि कर्जाचा हप्ता कशावर चालवायचा? 2015 पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. परंतु बँकेचा हप्ता सोयाबीन निघण्याची वाट पाहत नाही.

म्हणून माझे मत असे झाले आहे की, नोकरी सोडणे शहाणपणाचे की वेडेपणाचे, हा वादच अपुरा आहे. पगाराची एक तारीख चुकल्यावर घर कोण तोलून धरणार, हे आधी ठरले पाहिजे. राजीनाम्यावर सही एकट्याची असते. त्याचा भार साऱ्या घरावर पडतो. यशस्वी झालेल्यांची चरित्रे निघतात. दुकान बंद करून पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभे राहिलेल्यांवर कुणी व्याख्यान देत नाही, आणि त्यांची संख्या लहान नसावी. म्हणून धाडसाच्या नुसत्या गप्पा मारून तरुणांना भरीस घालणे मला पटत नाही. पण ‘लागलेली सोडू नये’ एवढे एकच उत्तर देऊन त्यांचे तोंड बंद करणेही अन्यायाचे आहे. ज्याच्या हातात कसब आहे, त्याने ते जन्मभर दुसऱ्याच्याच घड्याळावर का खर्च करावे?

मी दादाला सुचवले, ‘‘पहिलं वर्ष नोकरी ठेव. चुलतभावाला वेल्डिंग येतं, त्याला दुकानात बसव. तू तिकडून माल पाठव, पेरणी-मळणीला रजा काढून ये. एका हंगामाची उधारी वसूल झाली, की मग राजीनामा दे.’’

दादा म्हणाला, ‘‘अन् वही कोण लिहीन? त्याले उधारी मांगाची लाज वाटते.’’

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात सापडण्यासारखे नव्हते. दोन दिवस विचार केला. अमरावतीचा वर्ग एक वर्ष थांबू शकतो. परीक्षेला बसण्याचे वय माझ्या हाती अजून आहे. मी कलाशाखेची विद्यार्थिनी; जमाखर्च कधी शिकले नाही. पण बेरीज-वजाबाकी येते, आणि गावातल्या माणसांशी बोलायची लाजही वाटत नाही.

बाबा अजून ‘हो’ म्हणालेले नाहीत. मागच्या आठवड्यात मात्र ते कामाचे निमित्त काढून फाट्यावर गेले होते. परत आल्यावर म्हणाले, ‘‘जागा रस्त्याले लागून हाय. भाडं जरा जास्त सांगते तो.’’

मी नवी वही आणून ठेवली आहे.