कापूस आणि तलवार: दालने दोन, इतिहास एक
१/४ एका दालनात कापसाची गाठ, दुसऱ्यात तलवारी. वऱ्हाडातील स्थानिक संग्रहालयाने अशी विभागणी करणे म्हणजे इतिहासाचेच दोन तुकडे करणे होय.

२/४ १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब कंपनीच्या हवाली केले. कारण? ‘हैदराबाद कंटिंजंट’ या फौजेचा थकलेला खर्च. कापूस पिकवणाऱ्या काळ्या जमिनीच्या महसुलातून सैनिकांचे पगार निघू लागले.

३/४ १८६०मध्ये धाराशिव व रायचूर निजामाला परत मिळाले. वऱ्हाड मात्र नाही. १८७०मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत आगगाडी पोहोचली.

४/४ म्हणून त्या तहाची प्रत कापसाच्या गाठीशेजारीच हवी. अन्यथा तलवारींची चकाकी पाहून मुले परततील. तिचे मोल कोणत्या शेतकऱ्याने चुकवले, हे त्यांना कधीच कळणार नाही.