गोळी नाही, पुडी मात्र मिळते

मी माळव्यातला, देवास जिल्ह्यातल्या कन्नौदचा, असं हॉस्टेलमध्ये सांगितलं की ठरलेला प्रश्न येतो, "तुमच्याकडे अफू पिकते ना रे?"

कन्नौदला नाही पिकत. आमच्याकडे सोयाबीन आणि गहू. अफू पिकते माळव्याच्या दुसऱ्या टोकाला, मंदसौर-नीमच-रतलामकडे, तीही केंद्र सरकारच्या परवान्यावर. बोंडांना चीर देऊन काढलेला चीक सरकारच विकत घेतं. नीमचच्या सरकारी कारखान्यात त्यातून मॉर्फिन आणि कोडीन काढतात. हेरॉइनसुद्धा मॉर्फिनपासूनच बनतं. म्हणजे औषध आणि विष एकाच बोंडातून येतं.

हे मला घरात कळलं. आजोबांना घशाचा कर्करोग झाला. शेवटच्या दिवसांत ते रात्र रात्र कण्हायचे. डॉक्टर म्हणाले, मॉर्फिनने आराम पडेल, पण ते इथे मिळत नाही, इंदूरला जा. बाबा बसने इंदूरला खेपा घालत राहिले. त्याच दिवसांत आमच्या गल्लीतला एक मुलगा पावडरच्या नादी लागला होता. आजोबांना गोळी मिळत नव्हती, त्याला पुडी मिळत होती. पोलिसांच्या भीतीने त्याच्या घरच्यांनी त्याला कुठल्या डॉक्टरकडेही नेलं नाही.

म्हणून "अमली पदार्थ कायदेशीर करावेत की नाही?" हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. खुला बाजार नको, हे माळव्याच्या इतिहासावरूनच सांगता येतं. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची. संस्थानिक, दलाल, इंग्रज सरकार, सगळ्यांनी त्यात कमावलं. जे. जे. रुग्णालय ज्यांच्या नावाने आहे, त्या जमशेटजी जीजीभॉयांच्या संपत्तीतही या व्यापाराचा वाटा होता. किंमत मोजली ती चीनमधल्या व्यसनी माणसांनी. विकणाऱ्याला नफा हवा असतो, आणि एकदा लागलेलं गिऱ्हाईक सुटू नये असंच त्याला वाटणार.

मग नुसती बंदी? 1985 चा एनडीपीएस कायदा कडक आहे. हेरॉइनचं नुसतं सेवन केलं तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. या कडकपणाचा धाक मात्र भलत्यांनाच बसला. परवान्यांच्या जंजाळामुळे कित्येक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 2014 च्या दुरुस्तीने ही प्रक्रिया सोपी केली, पण कागदावरची सोय गावापर्यंत पोचायला वेळ लागतो. आजोबांना तेवढा वेळ नव्हता.

याच कायद्यात 64अ हे कलमही आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून उपचार घ्यायला तयार झाला आणि त्याने ते पुरे केले, तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. आमच्या गल्लीत हे कुणाला ठाऊक होतं? पोर्तुगालने 2001 मध्ये याच दिशेने पुढचं पाऊल टाकलं. स्वतःपुरता साठा सापडला तर तो फौजदारी गुन्हा धरत नाहीत, माणसाला एका समितीपुढे नेऊन उपचाराकडे वळवतात. विक्री तिथेही गुन्हाच आहे.

कुणी म्हणेल, शिक्षेची भीती गेली तर पोरं मोकाट सुटतील. ही काळजी खोटी नाही. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने 2020 मध्ये शिक्षा काढली आणि 2024 मध्ये परत आणली. उपचाराची सोय वेळेवर उभी राहिली नाही, हे तिथल्या अपयशाचं एक मोठं कारण. म्हणजे दार आधी बांधायला हवं, मग कुलूप काढायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. विकणाऱ्याला तुरुंग, व्यसन लागलेल्याला डॉक्टर, आणि वेदनेत असलेल्याला तालुक्याच्या दवाखान्यातच मॉर्फिन. सरकार जर शेतातल्या चिकाचा हिशेब ठेवू शकतं, तर कन्नौदच्या एका खाटेपर्यंत गोळी पोचवणं त्याला जड जाऊ नये.