नळीची कळ आणि अफूची भीती

मिरकरवाड्याच्या बंदरावर आयुष्य काढलेला माणूस सहसा दुखण्याचा बाऊ करीत नाही. म्हणूनच एका रात्री तेथील एका वृद्ध तांडेलांच्या घरून निरोप आला तेव्हा मी लगेच निघालो. मूत्राशयातील गाठ दुर्बिणीने काढून त्यांना परगावच्या रुग्णालयातून आदल्याच दिवशी घरी आणले होते. लघवीची नळी अजून तशीच होती. "डॉक्टर, मला लघवीला जाऊ द्या, नाहीतर ही नळी ओढून काढतो," असे ते कळवळून सांगत होते.

"दुखण्याच्या गोळ्या दिल्या का?" मी विचारले. मुलगा म्हणाला, "ट्रॅमाडॉल लिहून दिलंय. पण ती अफूच्या जातीची, सवय लागते, असं सगळे म्हणाले. म्हणून कपाटात ठेवली." आणि रुग्णालयात काय सांगितले होते? "नळी आहे, एवढं होणारच. सहन करा."

माझ्या मते ही दोन्ही वाक्ये सारखीच चुकीची आहेत.

आधी हे दुखणे समजून घेऊ. नळी बाहेर निसटू नये म्हणून तिच्या टोकाला छोटा फुगा असतो व त्यात साधारण १० मिलिलिटर पाणी भरतात. हा फुगा मूत्राशयाच्या तळाशी टेकतो, आणि तोच भाग सर्वांत नाजूक. त्यातून शस्त्रक्रियेची जखम ताजी. मूत्राशयाला वाटते, आपण भरलो आहोत. ते आवळू लागते. मूत्राशय रिकामे असूनही लघवीची तीव्र घाई लागते, ओटीपोटात कळ येते, कधी नळीच्या बाजूने लघवी झिरपते. हा रोग्याच्या मनाचा खेळ नव्हे. स्नायूचा खरा पेटका आहे.

म्हणून पहिला उपाय गोळी नव्हे, नळी तपासणे. तांडेलांच्या मांडीखाली नळीला पीळ पडला होता आणि पिशवी अंथरुणावर त्यांच्या शेजारी ठेवली होती. पीळ सोडवून पिशवी खाली टांगताच लघवी धो धो वाहू लागली आणि निम्मी कळ तिथेच गेली. नळी रक्ताच्या गुठळीने तुंबली असती तर मात्र रुग्णालयच गाठावे लागले असते. तुंबलेल्या नळीवर वेदनाशामक देणे म्हणजे भोक न बुजवता होडीतले पाणी उपसत बसणे.

उरलेल्या कळेसाठी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोललो. पेटका सैल करणारी ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे असतात. त्यांनी तोंड कोरडे पडते, म्हाताऱ्या माणसाला गोंधळल्यासारखे होऊ शकते, काचबिंदू असल्यास आधी सांगावे लागते. पॅरासिटामॉल असतेच. एवढ्याने न भागल्यास दोन-तीन दिवस ट्रॅमाडॉल, आणि वेदना फारच तीव्र असल्यास रुग्णालयात देखरेखीखाली मॉर्फिन. अशा मोजक्या दिवसांच्या, मोजक्या मात्रेच्या उपचाराने माणूस व्यसनी होण्याची शक्यता फार कमी. पूर्वी व्यसन असेल तर मात्र ते डॉक्टरांपासून लपवू नये.

ही भीती आली कोठून? १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याचा हेतू योग्यच होता. पण परवान्यांच्या जंजाळामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले. ज्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमच व गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, त्याच देशात कर्करोगाचे रोगी मॉर्फिनवाचून तळमळले. २०१४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन मॉर्फिनसह सहा औषधांचे नियम देशभर सारखे व सोपे झाले. दुसरीकडे, गैरवापर वाढल्याने २०१८ मध्ये ट्रॅमाडॉलही याच कायद्याखाली आले. दोन्ही निर्णय मला योग्य वाटतात. औषध चोरवाटेने मिळू नये. आणि ज्याला हवे त्याला नाकारूही नये.

अर्थात या औषधांचे पथ्य आहे. बद्धकोष्ठ हमखास होते, आणि कुंथण्याने ताज्या जखमेतून रक्त येऊ शकते. म्हणून रेचक सोबतच मागून घ्यावे. दारू पूर्ण वर्ज्य. झोपेच्या गोळ्या किंवा फिट्सचा आजार असल्यास आधी सांगावे. ही औषधे लघवी अडवूही शकतात, म्हणून नळी काढण्यापूर्वी ती कधी थांबवायची ते विचारून ठेवावे. रोगी हाक मारूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंद झाला असेल, पिशवीत लघवी येणे थांबून पोट फुगले असेल, लालभडक रक्त किंवा थंडी वाजून ताप असेल, तर सकाळची वाट पाहू नये. आणि फुगा फुगलेला असताना नळी ओढणे म्हणजे मूत्रमार्ग फाडून घेणे होय.

आम्हा डॉक्टरांना माझे सांगणे एवढेच, की शस्त्रक्रियेपूर्वीच दोन मिनिटे बसून रोग्याला सांगावे: "जाग आल्यावर लघवीची घाई वाटेल, ती नळीमुळे. सोसवली नाही तर सांगा, उपाय आहे." भूल उतरताच अनोळखी कळेने घाबरणारा माणूस अर्धा भीतीनेच बेजार होतो.

त्या रात्री तांडेलांनी गोळी घेतली आणि पहाटेपर्यंत झोपले. सकाळी भेटलो तेव्हा म्हणाले, "डॉक्टर, हे कालच का नाही सांगितलं कुणी?" या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. वाचकहो, तुमच्या घरी अशी वेळ आली तर हा प्रश्न दुसऱ्या दिवसावर ठेवू नका.