दद्रू : आधी परीक्षा, मग लेप

दद्रू, म्हणजे लोकभाषेतील गजकर्ण वा नायटा, हा आपल्या चिकित्सालयात नित्य येणारा व्याधी. चरकाचार्यांनी त्याची गणना क्षुद्रकुष्ठात केली, सुश्रुताचार्यांनी महाकुष्ठात. अलीकडच्या काळातील त्याचा चिवटपणा पाहता सुश्रुतांचे मतच अधिक समर्पक वाटते. रुग्ण आपल्यापर्यंत पोहोचतो तोवर मलमाच्या तीन-चार नळ्या संपलेल्या असतात, मंडलाची कड पुसट झालेली असते आणि निदानच संदिग्ध होऊन बसते. अशा वेळी ज्याने आपले आयुष्य याच व्याधीच्या परीक्षेला वाहिले, त्या रेमाँ साबुरो (१८६४–१९३८) या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञाचे स्मरण उपयुक्त ठरेल.

साबुरो यांचे कार्यक्षेत्र म्हणजे पॅरिसचे सेंट लुई रुग्णालय. डोक्यावरील नायट्याने ग्रस्त मुलांना तेव्हा शाळेत प्रवेश नसे; त्यांच्यासाठी रुग्णालयाच्या आवारातच शाळा चालवावी लागे. हा रोग बुरशीमुळे होतो, हे डेव्हिड ग्रुबी यांनी १८४० च्या दशकात दाखविले होते. परंतु वैद्यकविश्वाने सुमारे अर्धशतक त्याची उपेक्षा केली. साबुरो यांनी ते काम पुन्हा उजेडात आणले आणि शेकडो रुग्णांचे केस व खपल्या तपासून रोगकारक बुरशींचे प्रकार निश्चित केले. १९१० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘ले तेन्य’ हा ग्रंथ आठशेंहून अधिक पृष्ठांचा आहे.

त्यांच्या कार्यातील एक बाब आपण विशेष ध्यानी घ्यावी. संवर्धन-माध्यमातील साखर वा पेप्टोन बदलले की तीच बुरशी निराळी दिसते, हे त्यांनी ओळखले. म्हणून घटक ठरावीक, प्रमाण ठरावीक आणि उत्पादकही ठरावीक, असा दंडक त्यांनी घातला. त्यांच्या नावाचे माध्यम, थोड्याफार फरकाने, आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वापरले जाते. द्रव्याच्या प्रमाणीकरणाचे महत्त्व आपल्या औषधनिर्मात्यांना निराळे सांगावयास नको.

या चरित्राला दुसरी बाजूही आहे. १९०४ साली साबुरो यांनी क्ष-किरणांनी रोगट केस गळविण्याची मोजकी मात्रा निश्चित केली. दीर्घकाळ रेंगाळणारा उपचार काही महिन्यांवर आला आणि ही पद्धती अनेक देशांत रूढ झाली. १९५८ नंतर ग्रिझिओफल्विन उपलब्ध झाल्यावर ती मागे पडली. मात्र इस्रायलमध्ये असे किरण घेतलेल्या सुमारे ११,००० मुलांचा मागोवा घेतला असता मेंदूच्या व अवटू ग्रंथीच्या अर्बुदांचे प्रमाण त्यांच्यात अधिक आढळले. तो अहवाल १९७४ साली प्रसिद्ध झाला. सद्यःफलदायी उपचाराची किंमत कधी कधी पुढील आयुष्यात मोजावी लागते, ती अशी.

आजचे सद्यःफलदायी औषध म्हणजे स्टिरॉइडमिश्रित मलम. त्याने कंडू शमते, लाली ओसरते. बुरशी मात्र पसरत राहते. २०१८ साली केंद्र शासनाने अशी अनेक मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, तरीही ती चिठ्ठीवाचून मिळतात, हे रुग्णांच्या तोंडून आपण ऐकतोच. त्यातच २०२० साली जपानमधील संशोधकांनी ज्या बुरशीला ‘ट्रायकोफायटॉन इंडोटिनी’ हे नाव दिले, तिचे अनेक प्रकार टर्बिनाफीनला दाद देत नाहीत. तिच्या नावातच भारताचा उल्लेख असावा, ही भूषणाची गोष्ट नव्हे.

‘रासायनिक मलमे निष्फळ ठरत आहेत, तेव्हा आता आयुर्वेदाची वेळ आली’ असे आपल्यापैकी काहीजण उत्साहाने म्हणतात. टाकळ्याला शास्त्राने ‘दद्रुघ्न’ म्हटले, ते अनुभवाविना नव्हे, अशी माझीही श्रद्धा आहे. परंतु लेपाने बरा झालेला तो रोग दद्रूच होता कशावरून? विचर्चिकेचा रुग्ण बरा करून दद्रूचे यश सांगितले, तर ते कोण मानील? आणि लेप बंद केल्यावर बुरशी उरली नव्हती, हे पाहिले कोणी?

याचे उत्तर महाग नाही. मंडलाच्या कडेची खपली खरवडून काचपट्टीवर घ्यावी, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा १० ते २० टक्के द्रव घालावा आणि थोड्या वेळाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे. बुरशीचे फाटे फुटलेले तंतू दिसतात. एका वेळी ते न दिसल्यास रोग नाहीच असे मानू नये, पुन्हा तपासावे. स्वतःचा सूक्ष्मदर्शक नसेल तर जवळच्या प्रयोगशाळेचे साहाय्य घ्यावे. चिकित्सेपूर्वी व चिकित्सेनंतर अशी नोंद ठेवली, तर आपल्या औषधांचे बलाबल आपणांस कळेल व इतरांनाही दाखविता येईल.

औषधविक्रेते बंधु-भगिनींना विनंती एवढीच, की चिठ्ठीवाचून अशा मलमाची नळी देऊ नये. विक्री एका नळीने घटेल, पण एक रुग्ण वेळीच वैद्याकडे जाईल. रोगपरीक्षा आधी आणि औषधयोजना नंतर, हा क्रम आपल्याच शास्त्राने घालून दिला आहे. साबुरो यांनी तो काचपट्टीवर पाळला. तो आपण पाळू नये, याला काहीच कारण नाही.