तिकिटांचा हा बाजार

नेरुळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८, १९ व २१ जानेवारी २०२५ रोजी कोल्डप्ले या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या मैफली झाल्या. छत्रपती संभाजीनगरातील दैनिकाने त्यांचा विषय पहिल्या पानावरील अग्रलेखास का घ्यावा, असे कोणी विचारील. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत नोकरी करणारी आणि येथील महाविद्यालयांत शिकणारी मुले अशा मैफलींसाठी आता तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करतात, हे त्याचे उत्तर. जाताना रात्रीची देवगिरी सोयीची पडते. परतताना मात्र रात्री दहाला ध्वनिक्षेपक थांबतात तेव्हा मुंबईहून देवगिरी सुटून गेलेली असते आणि सकाळच्या तपोवनची वाट पाहत फलाटावर रात्र काढावी लागते. मुले हे सारे हौसेने करतात.

त्या हौसेला नाके मुरडणाऱ्यांत आम्ही नाही. पुण्यास १९५३ पासून भरणाऱ्या सवाई गंधर्व महोत्सवासाठी एस.टी.ने जाऊन सतरंजीवर रात्री जागविणारे रसिक मराठवाड्यातही होते, हे आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको. आता गाणे बदलले आहे. सहस्र कंठांतून एक सूर उमटल्यावर अंगावर येणारा काटा बदललेला नाही. आवाजाविषयी आमची तक्रार आहे, पण ती आमच्या कानांपुरती.

आमचा आक्षेप आहे तो दाराबाहेरच्या व्यवहारास. या मैफलींची तिकिटे २२ सप्टेंबर २०२४ रोजी बुकमायशोवर विक्रीस आली. किंमत सुमारे २,५०० रुपयांपासून ३५,००० रुपयांपर्यंत. मध्यमवर्गीय घरास हीच जड; पण ज्याने काटकसर करून ती जमविली, त्यास आपल्यापुढे लाखो माणसे रांगेत असल्याचे पडद्यावर दिसले आणि पाहता पाहता तिकिटे संपली. लगोलग तीच तिकिटे अन्य संकेतस्थळांवर लाखाच्या घरात पुकारली जाऊ लागली. चित्रपटगृहाबाहेर ‘दस का बीस’ म्हणत फिरणाऱ्या पोरास हवालदार बखोटीस धरून नेत असे. त्याच धंद्याने संगणकाचा आश्रय घेताच त्यास ‘पुनर्विक्री’ हे सभ्य नाव मिळाले!

विक्रेत्या कंपनीने स्वतः पोलिसांकडे तक्रार केली. मुंबईच्या आर्थिक गुन्हे शाखेने चौकशी आरंभिली. प्रकरण उच्च न्यायालयातही गेले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने जनहित याचिका फेटाळली आणि याविषयी नियम वा कायदा करणे हे शासनाचे व विधिमंडळाचे क्षेत्र असल्याचे सांगितले. न्यायालयाचे म्हणणे रास्त आहे. प्रश्न मुंबईच्या मंत्रालयाचा आहे.

हा खाजगी व्यापार आहे, शासनाने त्यात का पडावे, हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही. शासन त्यात केव्हाच पडलेले आहे. बंदोबस्ताला पोलीस शासनाचे. २५ व २६ जानेवारीस अहमदाबादेत याच वृंदाच्या मैफलींना दररोज लाखावर श्रोते लोटले, तेव्हा मुंबईहून खास गाड्या सोडल्या त्या सरकारी रेल्वेनेच. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, त्या वेळी राज्य शासनाने करमणूक कर माफ केला. मुंबई ग्राहक पंचायतीने त्यास न्यायालयात आव्हान दिले. २०११ मध्ये न्यायालयाने ती माफी रद्द करून फेरविचारास सांगितले. आणि जानेवारी २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने तीन कोटींहून अधिक रकमेची ती सवलत पुन्हा मंजूर केली. आयोजकांसाठी चोवीस वर्षांनंतरही ज्या शासनाची स्मृती ताजी राहते, त्यास रांगेतील श्रोत्याचा विसर पडावा काय?

आयर्लंडने २०२१ साली कायदा करून मोठ्या कार्यक्रमांची तिकिटे मूळ किमतीहून अधिक दराने विकणे गुन्हा ठरविले. ब्रिटिश सरकारनेही नोव्हेंबर २०२५ मध्ये अशी बंदी घालण्याचा निर्णय जाहीर केला. महाराष्ट्रास यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. तिकीट फिरून विकावयाचे तर मूळ किमतीसच विकावे. एकूण तिकिटांपैकी किती जनतेसाठी खुली ठेवली आणि किती पुरस्कर्त्यांसाठी व पाहुण्यांसाठी राखली, हा आकडा आयोजकांनी विक्रीपूर्वी प्रसिद्ध करावा. आणि पोलीस परवाना याच अटींवर द्यावा. यास मोठा खर्च येत नाही, नवे खातेही लागत नाही. मराठवाड्याच्या आमदारांपैकी कोणीही असे अशासकीय विधेयक मांडू शकतो. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते कोण मांडतो, याकडे आमचे लक्ष राहील.