संगणकाचा दुभाषी : फुकट की मुक्त?

इंग्रजीतील ‘फ्री’ या एकाच शब्दात मराठीतील दोन निराळे शब्द सामावलेले आहेत. ज्याला दाम पडत नाही ते ‘फुकट’, आणि ज्यावर कोणा एकाची मालकी चालत नाही ते ‘मुक्त’. संगणकाच्या व्यवहारात या दोहोंची सर्रास गल्लत होते, आणि तिचा भुर्दंड शेवटी मर्यादित मिळकतीच्या माणसावर पडतो. ‘ड्रायव्हर’ अद्ययावत ठेवण्याचा प्रश्न हे याचे उत्तम उदाहरण होय.

प्रिंटर, स्कॅनर किंवा ध्वनियंत्रणा आणि संगणकाची कार्यप्रणाली यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारी जी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. कार्यप्रणाली बदलली आणि दुभाषी जुनाच राहिला, तर धडधाकट उपकरणही मुके होऊ शकते. शिवाय अनेक ड्रायव्हर कार्यप्रणालीच्या गाभ्यात वावरतात. तेथील एका चुकीने काय होऊ शकते, याची प्रचीती १९ जुलै २०२४ रोजी साऱ्या जगाला आली. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या अशाच खोलवर चालणाऱ्या आज्ञावलीला एक सदोष अद्यतन मिळाले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. तेव्हा ड्रायव्हर अद्ययावत असावेत हे खरे. पण हे काम कोणाच्या हाती सोपवावे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

नेमक्या याच ठिकाणी फुकटचा बाजार उभा राहतो. ‘तुमचे इतके ड्रायव्हर कालबाह्य झाले आहेत’ असा लाल अक्षरांत इशारा देणाऱ्या आज्ञावल्या विनामूल्य मिळतात. तपासणी फुकट असते. दुरुस्तीसाठी मात्र पुष्कळदा वर्गणी मागितली जाते, किंवा सोबत नको असलेल्या आज्ञावल्या गळ्यात मारल्या जातात. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखवून दिले की, मालाचा दर्जा विक्रेत्यालाच ठाऊक असेल, तर निकृष्ट माल चांगल्याला बाजारातून हुसकावतो. येथे तर रोगनिदान आणि औषधविक्री एकाच दुकानात चालते. अमेरिकेत ऑफिस डेपो या साखळी दुकानांवर आणि सपोर्ट डॉट कॉम या त्यांच्या पुरवठादारावर, संगणकाच्या फुकट तपासणीत खोटे दोष दाखवून दुरुस्ती विकल्याचा आरोप झाला. २०१९ मध्ये त्यांनी मिळून साडेतीन कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

यावर साधा उपाय आहे. विंडोज वापरणाऱ्याने कार्यप्रणालीची स्वतःची अद्यतन-सोय आणि उपकरणाच्या उत्पादकाचे अधिकृत संकेतस्थळ एवढ्यांवरच भिस्त ठेवावी. दोन्हींना सहसा पैसे पडत नाहीत. त्रयस्थाची गरज क्वचितच भासते.

परंतु एवढ्याने मूळ प्रश्न सुटत नाही. उत्पादकाने ड्रायव्हर देणेच थांबविले तर काय? १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीकडून एक लेसर प्रिंटर मिळाला. कागद अडकला की तशी सूचना देणारी सुधारणा त्याच्या आज्ञावलीत करावी, असे रिचर्ड स्टॉलमन यांना वाटत होते. पण मूळ आज्ञावली त्यांना नाकारण्यात आली. या अनुभवाने त्यांच्या विचारांना दिशा दिली आणि १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचा उगम असा एका प्रिंटरपाशी शोधता येतो.

१९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी सुरू केलेल्या लिनक्समध्ये बहुसंख्य ड्रायव्हर गाभ्याच्या मूळ आज्ञावलीतच नांदतात. गाभ्यात अंतर्गत बदल करणाऱ्याने त्या बदलाने बाधित होणारे ड्रायव्हरही दुरुस्त करावेत, असा तेथील शिरस्ता आहे. त्यामुळे उत्पादकाने अंग काढून घेतल्यावरही उपकरण वर्षानुवर्षे चालू शकते. अर्थात ही व्यवस्था निर्दोष नाही. काही कंपन्या उपकरणांची माहितीच देत नाहीत; ज्या ड्रायव्हरला कोणी वाली उरत नाही, तो तेथेही कालांतराने वगळला जातो. नवी कार्यप्रणाली शिकण्याचे श्रमही असतात. पण केरळमधील सरकारी शाळांनी मुक्त आज्ञावलीवर संगणक-शिक्षण चालवून, हे श्रम आवाक्याबाहेरचे नाहीत, हे सिद्ध केले आहे.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित साहाय्य थांबविले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे कित्येक चालते संगणक त्यामुळे केवळ कागदोपत्री म्हातारे ठरले. पूरक वस्तूचा पुरवठा रोखून मुख्य वस्तूचे आयुष्य ठरविण्याची ही शक्ती मक्तेदारीचीच एक तऱ्हा आहे. शाळा-महाविद्यालयांनी असे संगणक भंगारात काढण्यापूर्वी त्यांवर लिनक्स चालवून पाहावे. नवी खरेदी करताना निविदेत दोन प्रश्न अवश्य घालावेत : या उपकरणाचा ड्रायव्हर मुक्त आहे काय? नसल्यास तो किती वर्षे पुरविण्याची लेखी हमी आपण देता?

सार्वजनिक पैशाने घेतलेल्या वस्तूचे आयुष्य तिच्या झिजेवरून ठरावे. विक्रेत्याच्या मर्जीवरून नव्हे. हे प्रश्न विचारण्यास दमडीही लागत नाही. ते न विचारण्याची किंमत मात्र दर काही वर्षांनी नव्या खरेदीच्या रूपाने भरावी लागते.