जेवणानंतरची शेगडी

थंडी पडली की पनवेलच्या पूर्वेला नेरे, वाजे, मालडुंगे या भागांत शनिवारी रात्री दोन तऱ्हेचा धूर दिसतो. एक शेतातल्या पोपटीचा. वालाच्या शेंगा, ओवा, जाडे मीठ, अंडी, कोंबडी असे सारे भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरायचे, मडके उलटे ठेवायचे आणि भोवती जाळ करायचा. दुसरा धूर फार्महाऊसच्या अंगणातल्या बार्बेक्यूचा. चव दोन्हींची आपापल्या जागी उत्तम. फरक एवढाच, की पोपटीचा विस्तव जिथे पेटतो तिथेच विझतो. बार्बेक्यूची शेगडी मात्र उचलून आत नेता येते. आजचे माझे म्हणणे या आत नेण्याबद्दल आहे.

बार्बेक्यूचा विषय निघाला की हमखास विचारले जाते, ‘करपलेल्या मांसाने कर्करोग होतो का?’ मांस ज्वाळेत करपले किंवा त्याची चरबी निखाऱ्यांवर ठिबकून धूर झाला, की काही घातक संयुगे तयार होतात हे खरे आहे. करपलेला भाग काढून टाकावा, आच मंद ठेवावी. पण हा हिशेब अनेक वर्षांचा आहे. त्याच रात्रीचा हिशेब मात्र कोणी विचारत नाही. जेवण झाल्यावर शेगडी कुठे ठेवली?

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही तीन कुटुंबे अशाच एका फार्महाऊसवर गेलो होतो. रात्री साडेबाराला दव पडू लागले. तिथे देखभाल करणाऱ्या काकांनी केवळ काळजीपोटी निखाऱ्यांसकट शेगडी उचलली आणि मुले झोपली होती त्या हॉलमध्ये आणून ठेवली. मी हरकत घेतली तेव्हा ते म्हणाले, ‘धूर नाही ताई, नुसती ऊब आहे.’ शेगडी पुन्हा बाहेर गेली, खिडक्या उघडल्या, काही झाले नाही. काही झाले नाही म्हणून सकाळी त्याची आठवणही कोणाला राहिली नाही. काकांचे वाक्य मात्र अगदी खरे होते. धूर नव्हताच. धोका तिथेच होता.

लोणारी कोळसा नीट पेटला की धूर थांबतो आणि आपल्याला वाटते, आता शेगडी निर्धोक झाली. प्रत्यक्षात निखाऱ्यांच्या तळाशी हवा मिळते तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो वरच्या तप्त कोळशातून जाताना त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. निखारे फुललेले असताना त्यातला बराचसा वरच्या वर निळसर ज्वाळेने जळून जातो. निखारे मंदावले, त्यांच्यावर राख चढली की ती ज्वाळा राहत नाही आणि वायू तसाच बाहेर पडतो. म्हणजे शेगडी आत आणावीशी वाटते, नेमकी त्याच वेळी ती आत आणण्याजोगी नसते.

या वायूला रंग नाही, वास नाही, त्याने डोळेही चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखणे, गरगरणे, मळमळ, गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे. पार्टीच्या रात्री ती जागरणाच्या, अपचनाच्या किंवा दारूच्या नावावर खपून जातात. झोपलेल्या माणसाला तर लक्षण जाणवण्याआधीच शुद्ध हरपू शकते. २१ जानेवारी २०२० रोजी नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी हॉटेलच्या एका खोलीत झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यांत चार लहान मुले होती. दारे-खिडक्या बंद होत्या आणि आत गॅसवरचा हीटर चालू होता. इंधन कोळशाचे असो वा गॅसचे, बंद जागेत न्याय एकच.

‘आमच्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवतच होते की,’ असे कोणी म्हणेल. ठेवत होते. पण त्या घरांच्या कौलांतून, कुडाच्या भिंतींतून हवा खेळत असे. आजच्या स्लॅबच्या, सरकत्या काचांच्या, पडदे ओढलेल्या खोलीत ती सवय नेणे धोक्याचे आहे. बाळंतिणीच्या खोलीतही नकोच. तंबूत तर अजिबात नको. प्रबळमाचीवर किंवा धरणाकाठी मुक्काम करणाऱ्यांनी तंबूची चेन अर्धी उघडी ठेवली म्हणून भागत नाही.

कोणाला त्रास झालाच तर त्याला आधी मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा. करोनाकाळात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावून निर्धास्त होऊ नका. हे साधे यंत्र ऑक्सिजन चिकटलेले आणि कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन वेगळे ओळखत नाही. आकडा ९८ दिसेल आणि माणूस गुदमरत असेल. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. म्हणून ‘पडून राहा, बरे वाटेल’ हा सल्ला इथे चालत नाही. डॉक्टरांना ‘शेगडी आत होती’ हे आवर्जून सांगा.

आता शेगडीच्या तब्येतीविषयी. पावसाळ्याचे चार महिने ती शेडमध्ये पडून असते आणि डिसेंबरात थेट अंगणात येते. तळ गंजून पातळ झाला असेल तर निखारे खाली पडतात. हवेची भोके राखेने बुजली असतील तर कोळसा नीट पेटत नाही, वायू जास्त होतो आणि मग कोणीतरी रॉकेलची किंवा पेट्रोलची बाटली आणतो. भाजण्याच्या अनेक घटना तिथेच टळतील, जर आपण राख काढून भोके मोकळी केली आणि पेटत्या शेगडीवर काहीही ओतले नाही. जुन्या ड्रमची शेगडी घेतली असेल तर त्या ड्रममध्ये आधी काय होते ते विचारा. उत्तर मिळाले नाही तर ती वापरू नका.

जाळी घासायला तारेचा ब्रश नको. त्याची तुटलेली तार मांसाला चिकटून पोटात जाते. अशा रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०१२मध्ये प्रसिद्ध केली होती. जाळी गरम करून तिच्यावर काट्याला टोचलेला अर्धा कांदा फिरवा, डोसेवाला तव्यावर फिरवतो तसा. उरलेली घाण काथ्याने निघते. गॅसचे ग्रिल असेल तर बर्नरच्या नळीत कुंभारीण माशीने घर केले नाही ना ते पाहा. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर वापर थांबवा. रबरी नळी आयएसआय खुणेची हवी, आणि तिचे जोड दर हंगामाच्या सुरुवातीला साबणाच्या पाण्याने तपासावेत. बुडबुडे आले की गळती आहे. पेटवताना झाकण उघडे ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि आत साचून राहतो.

पण सगळी जबाबदारी पाहुण्यांवर टाकून चालणार नाही. जो भाड्याने शेगडी देतो त्याने ती रात्री कुठे जाईल तेही ठरवून द्यायला हवे. घरापासून दूर, वर छप्पर नसलेला एक ओटा आणि झाकणाची एक लोखंडी बादली, एवढ्याने काम होते. जेवण झाले की निखारे बादलीत, वर झाकण, आणि बादली सकाळपर्यंत ओट्यावरच. झोपायच्या खोल्यांत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावावा. धुराचा साधा अलार्म हा वायू ओळखत नाही. शेगडी मिळेल का, हे आपण बुकिंग करताना विचारतोच. त्याबरोबर रात्री ती कुठे ठेवता, हेही विचारू लागलो तर मालक मंडळी ओटा आपणहून बांधतील.

थंडी वाजली तर जादा गोधडी मागा. निखाऱ्यांना आत बोलावू नका.